न उघडणाऱ्या फायली आणि मराठी संहिता

मराठी विभागांतून संहितेविषयी जी चर्चा होते ती बहुधा हस्तलिखिते आणि मुद्रित प्रती यांच्यापुरती मर्यादित असते. हस्तलिखिताचा काल, लेखनिकाचे प्रमाद, पाठभेद, प्रक्षेप हे विषय आपण पदव्युत्तर वर्गात शिकवतो आणि ते शिकवणे आवश्यकही आहे. तथापि गेल्या सुमारे पस्तीस वर्षांत मराठी लेखनाचा फार मोठा भाग ज्या रूपात सिद्ध झाला, त्या संगणकीय फाईलकडे संहिता म्हणून पाहण्याची सवय आपणांस अद्याप लागलेली नाही. फाईल उघडली तर वाचावयाची, न उघडली तर ‘करप्ट झाली’ असे म्हणून सोडून द्यावयाची, असा आपला सर्वसाधारण व्यवहार आहे. प्रस्तुत टिपणात या व्यवहाराविषयी काही विचार मांडावयाचे आहेत. अनोळखी एक्स्टेन्शनची फाईल उघडणे हे केवळ तंत्रज्ञाचे किरकोळ काम नसून ते पाठचिकित्सेचे काम आहे आणि म्हणून त्याची जबाबदारी मराठीच्या अभ्यासकावर येते, असे माझे मत आहे. हे मत एका अनुभवातून, आणि स्पष्टच सांगावयाचे तर माझ्याच एका चुकीतून, बनलेले आहे.

१. एक अनुभव

नातेपुते हे पुणे-पंढरपूर मार्गावरील गाव. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते आणि जिल्ह्यातील तिचा पहिला मुक्काम नातेपुते येथे पडतो. शिखर शिंगणापूरचा डोंगरही येथून दूर नाही. पंढरीची वाट आणि शिंगणापूरचा महादेव ही या परिसरातील बायकांच्या जात्यावरील ओव्यांची दोन सहज ठिकाणे आहेत. माझ्या एका ज्येष्ठ गुरुजनांनी १९९० नंतरच्या दशकात माळशिरस तालुक्यातील वाड्यावस्त्या हिंडून अशा ओव्या जमविल्या. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली झाले. तत्पूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. सरांचा प्रबंध त्या काळातला. प्रबंधाच्या परिशिष्टात विस्तारभयास्तव निवडक ओव्याच गेल्या. समग्र संग्रह त्यांनी एका डीटीपी केंद्रातून टाइप करून घेतला आणि फ्लॉपींवर ठेवला. मूळ वह्या पुढे वाळवीच्या तोंडी पडल्या. ज्या बायकांनी त्या ओव्या सांगितल्या त्यांतील बहुतेकजणी आज हयात नाहीत, आणि जाती तर घराघरांतून केव्हाच परसात जाऊन पडली आहेत.

सर गेल्यावर त्यांच्या कन्येने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या अकरा फ्लॉपी माझ्याकडे आणून दिल्या. ‘‘बाबांचं एवढंच काम मागं राहिलंय. काही वाचता आलं तर बघा, सर,’’ एवढेच त्या म्हणाल्या. बाहेरून जोडावयाचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळविण्यात काही आठवडे गेले. अकरांपैकी चार फ्लॉपी वाचल्याच गेल्या नाहीत. उरलेल्या सातांवर मिळून नऊ फायली निघाल्या. पाचांच्या नावापुढे ‘पी६५’, दोहोंपुढे ‘डॉक’, एकीपुढे काहीच नाही आणि एकीपुढे ‘ओव्ही१’. हे शेवटचे एक्स्टेन्शन मला कोणत्याही यादीत सापडले नाही.

कुतूहलाने मी तीच फाईल प्रथम उघडली. तीही संगणकावर प्रत न घेता, थेट फ्लॉपीवरून, नोटपॅडमध्ये. पडद्यावर चौकोन, रोमन अक्षरे आणि विचित्र चिन्हे यांचा पसारा दिसला. आरंभीचे चौकोन निरर्थक वाटले म्हणून ते खोडून पाहिले. तरीही काही उलगडेना, तेव्हा फाईल बंद केली. बंद करताना यंत्राने बदल जतन करावयाचे काय असे विचारले, आणि मी सवयीने ‘होय’ म्हटले. ती फाईल आज कोणत्याच प्रणालीत उघडत नाही. ज्या चौकोनांना मी निरर्थक समजलो तीच तिची ओळख होती, हे मला पुढे समजले. आणि मध्ये मध्ये दडलेली जी अदृश्य चिन्हे होती ती जतन करताना नोटपॅडने आपल्या समजुतीप्रमाणे बदलून टाकली होती. ‘ओव्ही१’ हे एक्स्टेन्शन नव्हतेच. टिंबापुढील तीन जागा ‘ओवी, भाग पहिला’ असा क्रम लिहिण्यासाठी कोणी तरी वापरल्या होत्या. त्या भागातील ओव्या आज अन्यत्र कोठेही नाहीत.

२. नाव, शेपूट आणि आरंभ

फाईलच्या नावात टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांना आपण बोलण्यात ‘शेपूट’ म्हणतो. १९८१ साली आलेल्या डॉस प्रणालीत नावाला आठ आणि शेपटाला तीन अक्षरे एवढीच जागा असे. ही फाईल कोणत्या प्रोग्रामची, हे सुचविण्यासाठी ती तीन अक्षरे वापरावीत असा संकेत होता. परंतु तो संकेतच होता, सक्ती नव्हती. अनेक जुने वापरकर्ते तेथे साल, स्वतःची आद्याक्षरे किंवा प्रकरणाचा क्रमांक घालीत. १९९५ च्या विंडोजने लांब नावांची सोय केली आणि त्याचबरोबर परिचित शेपटे वाचकाच्या नजरेआड ठेवण्याची पद्धतही पाडली. परिणामी आजचा विद्यार्थी शेपटाकडे दोनच प्रकारे पाहतो. एक तर ते त्याला दिसतच नाही. किंवा दिसलेच तर ते बदलले की फाईल बदलेल, अशी त्याची समजूत असते. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतल्या हळदीचे तिखट होत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी.

फाईलची खरी ओळख तिच्या पोटात, बहुधा अगदी आरंभीच्या काही बाइटांत असते. पीडीएफ फाईल टक्केचिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही तीन अक्षरे यांनी सुरू होते. आजच्या वर्डच्या ‘डॉकएक्स’ फाईलच्या आरंभी ‘पीके’ ही दोन अक्षरे असतात. ती झिप पद्धतीचे कर्ते फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे होत, कारण डॉकएक्स ही वस्तुतः अनेक छोट्या फायली एकत्र बांधलेली झिपच असते. म्हणूनच बिघडलेल्या डॉकएक्सच्या प्रतीचे शेपूट ‘झिप’ असे केले तर पुष्कळदा तिच्यातील मजकूर वेगळा काढता येतो. येथे शेपूट बदलल्याचा उपयोग होतो तो फाईल आधीपासूनच झिप असते म्हणून. जुन्या वर्डच्या ‘डॉक’ फाईलच्या आरंभीचे चार बाइट सोळाआधारी अंकांत लिहिले तर ‘डी०, सीएफ, ११, ई०’ असे येतात. इंग्रजीतील ‘डॉकफाइल’ या शब्दासारखे दिसावे म्हणून ते मुद्दाम तसे योजिलेले आहेत. सरांच्या संग्रहातील बिनशेपटाच्या फाईलच्या आरंभी हेच चार बाइट निघाले. प्रतीच्या नावापुढे ‘डॉक’ लावताच ती वर्डमध्ये उघडली.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे नवीन वाटू नये. पोथीवरील वेष्टनावर कोणी काय लिहिले आहे यावर आपण विसंबत नाही. पोथीच्या शेवटची पुष्पिका पाहतो, लेखनिकाचे नाव आणि शक पाहतो, कागद व वळण पाहतो. फाईलचे शेपूट हे वेष्टनावरचे नाव आहे आणि आरंभीचे बाइट ही तिची पुष्पिका आहे. पोथीत ती शेवटी येते, येथे ती आरंभी येते एवढाच फरक. मी पुष्पिका खोडून पोथी ओळखू पाहत होतो.

ओळख पटविण्याची ही सवय सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने जगभर पसरलेला विषाणू ‘टीएक्सटी’ या निरुपद्रवी शेपटापुढे ‘व्हीबीएस’ असे दुसरे शेपूट लावून आला होता. विंडोज शेवटचे शेपूट लपवीत असल्याने लोकांना तो साधा मजकूर वाटला. २०२४ मध्ये लग्नपत्रिकेच्या नावाने मोबाइलवर येणाऱ्या ‘एपीके’ फायलींविषयी पोलिसांना इशारे द्यावे लागले, त्यामागील युक्ती याच जातीची. पत्रिका म्हणून जी उघडावयाची ती प्रत्यक्षात मोबाइलमध्ये शिरणारा प्रोग्राम असते. अनोळखी फाईल भीतीने फेकून देणे आणि ती बेफिकिरीने उघडणे, या दोहोंमध्ये तपासून उघडणे असा तिसरा मार्ग आहे. पाठचिकित्सा हा मुळात त्याच वृत्तीचा अभ्यास आहे.

३. तीन कुलपे

जुनी मराठी फाईल उघडताना एकापाठोपाठ एक अशी तीन कुलपे काढावी लागतात, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच पुष्कळसे प्रयत्न फसतात.

पहिले कुलूप माध्यमाचे. फ्लॉपी, जुनी सीडी, बंद पडलेली हार्ड डिस्क हे त्याचे प्रकार. फ्लॉपीची विक्री सोनी कंपनीने जपानमध्ये २०११ साली थांबविली. नव्या संगणकांना तिची खाच नसते. चुंबकीय लेप झिजला की त्यावरील मजकूरही जातो. येथे विलंब हाच मुख्य शत्रू आहे.

दुसरे कुलूप फाईलच्या प्रकाराचे, म्हणजे ज्याला आपण एक्स्टेन्शनवरून ओळखू पाहतो त्याचे. मराठी प्रकाशनव्यवहारात येथे सर्वांत महत्त्वाचे नाव पेजमेकरचे. १९८५ मध्ये अल्डस कंपनीने आणलेला हा प्रोग्राम १९९४ मध्ये अडोबीकडे गेला. त्याची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ ची. ‘पी६५’ हे त्याच्या साडेसहाव्या आवृत्तीचे शेपूट, आणि ‘पीएमडी’ हे सातव्या आवृत्तीचे. अडोबीचाच इनडिझाइन हा प्रोग्राम या फायली काही वर्षे उघडीत असे. २०१२ च्या सीएस६ आवृत्तीनंतर ती सोयही गेली. छोट्या गावांतील डीटीपी केंद्रांतून मात्र पेजमेकर त्यानंतरही दीर्घकाळ चालत राहिला. दिवाळी अंक, स्मरणिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, महाविद्यालयांची नियतकालिके आणि आपले प्रबंध त्यावर तयार झाले. तेव्हा ‘पी६५’ वा ‘पीएमडी’ हे शेपूट पाहून जो विद्यार्थी गोंधळतो, तो एका अर्थी आपल्याच वाङ्मयीन इतिहासाच्या एका कालखंडापुढे गोंधळलेला असतो.

तिसरे कुलूप फॉन्टचे, आणि मराठीपुरते हेच सर्वांत अवघड आहे. देवनागरीसह भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाणित संकेतन १९९१ साली ठरले होते; कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्रज्ञान याच वाटेवरचे. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला. परंतु पेजमेकरसारख्या प्रोग्रामांना देवनागरी म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. म्हणून फॉन्ट बनविणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे, काने-मात्रा-वेलांट्यांचे तुकडे बसविले. संगणक रोमन अक्षर साठवीत होता. डोळ्याला ते देवनागरी दिसत होते. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर फाईलमध्ये प्रत्यक्ष साठते ते इंग्रजी ‘ई, जे, के, बी, एच’. तो फॉन्ट काढून घ्या, की ‘मराठी’ नाहीशी होते आणि पाच निरर्थक रोमन अक्षरे उरतात. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचे आयएसएम यांपैकी प्रत्येकाची बसवणूक निराळी होती. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय २००० साली आली. तोवर आणि त्यानंतरही अनेक वर्षे मराठी मजकूर या खासगी संकेतांतच साठत गेला.

४. सकळ लिपीचे स्मरण

या ठिकाणी महानुभावांच्या सकळ लिपीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह योजून ग्रंथ लिहावयाचे आणि किल्ली पंथातील अधिकारी व्यक्तींकडे ठेवावयाची, ही ती पद्धत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी ती पंथाबाहेरच्या अभ्यासकांना वाचता येऊ लागली. तेराव्या शतकातील मराठी गद्याचा एक समृद्ध भाग, लीळाचरित्रासह, त्यामुळे मराठी वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत आला. ती किल्ली सापडली नसती तर आज आपण आद्य मराठी गद्याविषयी जे शिकवतो त्यातील कितीसे शिकवू शकलो असतो, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करून पाहावा.

सकळ लिपीत एका अक्षराऐवजी दुसरे चिन्ह लिहिणे आणि कृतिदेवमध्ये ‘म’ऐवजी रोमन ‘ई’ साठविणे, या दोन क्रिया तत्त्वतः एकच आहेत. भेद आहे तो हेतूचा. महानुभावांनी ग्रंथ बुद्ध्या झाकले आणि किल्ली पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आपण ग्रंथ नकळत झाकले आणि किल्ली सांभाळावयाची असते हेही आपल्या ध्यानी आले नाही. झाकणाऱ्याने किल्ली जपली म्हणून सहाशे वर्षांनंतरही ग्रंथ उघडला. आपली फाईल पंचवीस वर्षांत बंद झाली.

मोडीचे उदाहरण यापेक्षा थोडे वेगळे. मोडी कोणी गुप्त ठेवली नव्हती. ती व्यवहारातून गेली आणि वाचणारे कमी होत गेले. पेशवे दफ्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा मोडी वाचणारे कारकून सहज उपलब्ध होते. आज एखाद्या रुमालातील कागद वाचून घेण्यासाठी जाणकाराची वाट पाहावी लागते. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. पण जागा मिळाल्याने कागद वाचला जात नाही, त्याला वाचणारा माणूसच लागतो. जुन्या फॉन्टच्या बाबतीत हा माणूस म्हणजे एस. टी. स्टँडजवळच्या गाळ्यातला डीटीपी ऑपरेटर. कोणता कळफलक, कोणता फॉन्ट, अर्ध्या ‘र’साठी कोणती कळ, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. या ज्ञानाची नोंद कोठेही नाही, आणि ही मंडळीही आता एकेक करून व्यवसाय बदलत आहेत.

५. उघडणे म्हणजे वाचणे नव्हे

सरांच्या ‘पी६५’ फायली अशाच एका ऑपरेटरच्या जुन्या यंत्रावर उघडल्या. विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि त्याने वर्षानुवर्षे जपलेला फॉन्टांचा संग्रह अशी ती सामग्री होती. फाईल उघडताना पेजमेकरने एक सूचना दाखविली : अमुक नावाचे फॉन्ट या यंत्रावर नाहीत, त्यांऐवजी दुसरे वापरू काय? बहुतेक लोक ही सूचना न वाचता पुढे जातात. आम्ही तीत दिलेली नावे उतरवून घेतली, ते फॉन्ट संग्रहातून शोधून यंत्रावर चढविले आणि फाईल पुन्हा उघडली. ओव्या पडद्यावर आल्या.

त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना मात्र खरे काम सुरू झाले. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठत. ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर; ‘धर्म’ लिहिताना रफार ‘म’च्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो : ‘क’ आधी, वेलांटी नंतर, ‘र’ आधी, ‘म’ नंतर. रूपांतर करणारा प्रोग्राम हे क्रम बदलतो आणि जोडाक्षर आले की तेथे चुकतो. या चुका निदान डोळ्यांना दिसतात. धोका आहे तो न दिसणाऱ्या चुकांचा.

आमच्या पहिल्या रूपांतरित प्रतीवरून एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी टिपण काढले. शिंगणापूरच्या वाटेवरील ओव्यांत ‘दर्या’ वारंवार येतो असे तिच्या लक्षात आले होते आणि अवर्षणग्रस्त प्रदेशातील स्त्रीमनाला समुद्राची ओढ का वाटत असावी याची तिने मोठी मार्मिक मीमांसा केली होती. मूळ शब्द ‘दऱ्या’ असा होता. रूपांतराचा प्रोग्राम हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनविलेला. मराठीतील हा ‘ऱ्य’ त्याला ठाऊकच नव्हता. त्याने प्रत्येक ठिकाणी ‘र्य’ केला आणि माणदेशाच्या कडेला समुद्र आणून ठेवला. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ हे उदाहरण आपण व्याकरणाच्या तासाला गमतीने देतो. येथे तीच गंमत एका संशोधनाच्या मुळावर आली होती. दोष विद्यार्थिनीचा नव्हता. तिच्या हाती संहिता म्हणून जे दिले गेले ते आम्ही तपासलेले नव्हते.

याहून सूक्ष्म अडचण अशी, की युनिकोडमध्येही हा ‘ऱ्य’ दोन प्रकारांनी लिहिला जातो. कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, कोणी साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन भिन्न शब्द आहेत. ‘ॲ’चेही तसेच. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. तत्पूर्वीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन ते साधलेले असते. शब्दांची वारंवारिता मोजून शैलीविषयक निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने आपण एक शब्द मोजतो आहोत की त्याचे अर्धे, हे आधी पाहावयास हवे.

६. काही आक्षेप

‘हे संगणक विभागाचे काम आहे’ असा पहिला आक्षेप येतो. फाईल उघडून देण्यात त्या विभागाची मदत घ्यावीच. परंतु ‘दऱ्या’ की ‘दर्या’ हा निर्णय तो करू शकत नाही. तो ओवीचा छंद, प्रदेश आणि बोली जाणणाऱ्यानेच करावयाचा असतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती त्यांना ज्ञानेश्वरी कळत होती म्हणून.

‘छापील प्रत असताना फाईल कशाला?’ हा दुसरा आक्षेप. सरांच्या प्रबंधाची बांधीव प्रत ग्रंथालयात आहेच, पण तीत निवडक ओव्या आहेत. निवड ही संशोधकाच्या तत्कालीन विषयानुसार होते. वगळलेल्या सामग्रीतच पुढच्या संशोधकाचा विषय असण्याची शक्यता असते. छापील पानावरून मजकूर ओळखणारे प्रोग्राम आता पुष्कळ सुधारले आहेत आणि त्यांचे स्वागतच आहे. मात्र जे छापलेच गेले नाही ते त्यांना ओळखता येत नाही.

‘आता सर्व काही पीडीएफमध्ये असते’ हा तिसरा आक्षेप. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले आणि इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या भांडारात प्रबंध जमा होऊ लागले, ही मोठीच सोय झाली. परंतु जुन्या फॉन्टमधून बनविलेल्या मराठी पीडीएफमधील एखादा परिच्छेद उचलून पाहावा. पान देवनागरीत दिसते आणि हाती रोमन अक्षरांचा चुरा येतो. अशा प्रबंधात शब्द शोधता येत नाही, उताऱ्यांची तुलना करता येत नाही आणि वाङ्मयचौर्यही पकडता येत नाही. तो उघडतो, तरी तिसरे कुलूप त्याला लागलेलेच असते.

७. अपेक्षा

या संदर्भात मराठी विभागांनी काही साध्या गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. त्यांना वेगळा निधी फारसा लागत नाही.

जुनी फाईल हाती आली की प्रथम तिची जशीच्या तशी प्रत करावी, मूळ माध्यम बाजूला ठेवावे आणि सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत. हा नियम मी फार मोठी किंमत देऊन शिकलो. प्रत्येक विभागाने एक नोंदवही ठेवावी आणि तीत फाईलचे नाव, शेपूट, आरंभीची चिन्हे, फॉन्टचे नाव, टाइप करणाऱ्या केंद्राचा उल्लेख आणि उघडण्याचे झालेले प्रयत्न लिहावेत. पेजमेकर व जुने फॉन्ट असलेले एक यंत्र भंगारात न घालता, इंटरनेटला न जोडता, सांभाळावे. नव्या प्रबंधासोबत पीडीएफखेरीज युनिकोडमधील साध्या मजकुराची ‘टीएक्सटी’ प्रतही घ्यावी. साध्या मजकुराला सजावट नसते, म्हणूनच तो दीर्घकाळ वाचता येतो. रूपांतरित संहितेवर आधारलेल्या प्रत्येक संशोधनात रूपांतर कशावरून केले, कोणत्या जागा संशयास्पद वाटल्या आणि त्या कशा सोडविल्या याचे संपादकीय टिपण असावे. आणि एम. ए. च्या पाठसंपादनाच्या अभ्यासपत्रिकेत पोथीबरोबर एक जुनी फाईलही विद्यार्थ्यापुढे ठेवावी. तिचे शेपूट ओळखणे, तिचा फॉन्ट शोधणे, तिचा पाठ निश्चित करणे हे एका सत्राचे उत्तम प्रात्यक्षिक होईल.

यासाठी फार वेळ आपल्या हाती आहे असे नाही. ज्या पिढीने मराठी मजकूर प्रथम संगणकावर आणला ती निवृत्त होत आहे. त्यांच्या कपाटांतील फ्लॉपी आणि सीडी त्यांच्या पश्चात कचरा म्हणून बाहेर पडतील. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या निवृत्त प्राध्यापकांना एकदा विचारून पाहावे, एवढ्यानेही पुष्कळ काही वाचेल.

सरांच्या नऊ फायलींपैकी आठ उघडल्या. त्यांचा पाठ तपासण्याचे काम चालू असून आता त्यात ती विद्यार्थिनीही आहे. न वाचता आलेल्या चार फ्लॉपी फेकलेल्या नाहीत. आमच्या विभागाच्या नोंदवहीत नवव्या फाईलचीही नोंद आहे. ‘ओव्ही१’ या नावापुढे ‘उघडताना नष्ट, दोष प्रस्तुत लेखकाचा’ असे लिहिले आहे. सरांच्या कन्येला ती नोंद मी स्वतः दाखविली. त्यांनी ती वाचली आणि उघडलेल्या ओव्यांची छापील प्रत मागून घेतली.